अश्वगंधा आणि मनाचं आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे. काउंटरवर गर्दी असताना लोक हळूच पुढे वाकून जे विचारतात आणि रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. त्यामुळे जिथे त्यांच्याकडे जायला हवं तिथे तसं सरळ सांगितलं आहे. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अश्वगंधा म्हणजे आमची आजी ज्याला आस्कंद म्हणायची तेच का?

हो, तेच. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. वांगं, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातलं हे कमरेएवढं झुडूप. पानं मळकट हिरवी, आणि कागदासारख्या पातळ आवरणात लपलेलं लालसर-केशरी छोटं फळ. आपल्याकडे माळरानावर, बांधावर ते आपोआपही उगवतं. बाजारातला बराचसा माल मात्र मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागातून आणि राजस्थानातून येतो. नीमचच्या मंडीत त्याचे लिलाव होतात. पावसाळा सरताना पेरणी होते आणि साधारण जानेवारी ते मार्चमध्ये झाड उपटून मुळं वाळवतात. औषधात वापरायचं ते हे मूळ.

चरकसंहितेत ही वनस्पती बल्य आणि बृंहणीय या दोन गटांत येते. म्हणजे ताकद देणारी आणि अंग भरून आणणारी. आजीनं ती अशक्त माणसाला दुधातून दिली असणार. ऑफिसच्या टेन्शनवर कॅप्सूल घ्यायची ही पद्धत अगदी अलीकडची.

२. सगळीकडे 'अ‍ॅडाप्टोजेन' लिहिलेलं दिसतं. ही औषधाची जात आहे का?

नाही. ही कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव यांनी 1947 मध्ये मांडली. शरीराला कुठल्याही प्रकारचा ताण सोसायला मदत करणारा आणि स्वतः फारसा अपाय न करणारा पदार्थ, असा तिचा साधारण अर्थ. पुढे सोव्हिएत संशोधकांनी सैबेरियातल्या वनस्पतींवर त्यावर बरंच काम केलं. अश्वगंधेला हे लेबल नंतर लागलं, कारण आयुर्वेदातली रसायनाची (म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या, टिकवणाऱ्या औषधाची) कल्पना त्याच्या जवळ जाते. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं 2008 मध्येच या संज्ञेचा विचार करून ती औषधाचा गट म्हणून स्वीकारली नाही. डब्यावर हा शब्द दिसला तर तो जाहिरातीचा शब्द समजा आणि खालची बारीक अक्षरं वाचा (प्रश्न ७).

३. ताण आणि चिंता खरंच कमी होते का, की नुसता मनाचा समज?

थोडी कमी होते, असं म्हणण्याइतका पुरावा आहे. बऱ्याचदा दाखला दिला जातो तो 2012 सालच्या भारतातल्या चाचणीचा. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या 64 प्रौढांपैकी अर्ध्यांना मुळाच्या अर्काची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा 60 दिवस दिली आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी कॅप्सूल. अर्क घेणाऱ्यांचे ताणाच्या प्रश्नावलीतले गुण जास्त उतरले आणि रक्तातलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) 28 टक्क्यांच्या आसपास घटलं. 2019 मध्ये साठ-साठ लोकांवरच्या आणखी दोन चाचण्या आल्या, त्यांचा कौलही तसाच. 2022 मध्ये मनोविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी वनस्पती आणि पूरकांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. सततच्या चिंतेच्या विकारासाठी त्यांनी अश्वगंधेची तात्पुरती शिफारस केली. त्यातला 'तात्पुरती' हा शब्द जाहिरातवाले गाळतात.

आता दुसरी बाजू. या चाचण्या लहान आहेत, सहा ते बारा आठवड्यांपलीकडे फारशा जात नाहीत, आणि कित्येकांत अर्क बनवणाऱ्या कंपनीचाच हात आहे. बिनऔषधी कॅप्सूल घेणाऱ्यांनाही बरं वाटतं, फक्त कमी प्रमाणात. शिवाय यात घेतलेले बहुतेक लोक ताणाखाली होते, पण कामधंदा करत होते. ज्यांना अंथरुणातून उठणं जमत नाही अशा माणसांवरची ही आकडेवारी नव्हे.

माझं मत विचाराल तर ताणलेल्या, पण सावरलेल्या माणसाला यातून टेकू मिळू शकतो. आजारी माणसाचा उपचार यावर सोपवू नये. खालची बरीचशी उत्तरं याच एका मुद्द्याकडे येतात.

४. झोप लागत नाही. त्यासाठी घेऊ का?

इथे पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. निद्रानाश असलेल्यांवरच्या 2019 मधल्या एका भारतीय चाचणीत 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, दहा आठवडे दिला. झोप लवकर लागू लागली आणि तिचा दर्जाही सुधारला. पण ही झोपेची गोळी नाही. आज घेतली आणि आज डोळा लागला, असं होत नाही. फरक पडलाच तर काही आठवड्यांनी जाणवतो.

घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून जागं होणं, दिवसभर पेंग येणं असं असेल तर ते दुखणं वेगळं आहे. त्यासाठी डॉक्टरांनाच दाखवा. आणि रात्री अकरा वाजता चहा घेऊन बारा वाजता अश्वगंधा घेणारं गिऱ्हाईकही माझ्याकडे येतं, हेही सांगून ठेवतो.

५. डिप्रेशनवर चालते का?

नैराश्याच्या आजारावर एकटी अश्वगंधा पुरते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खचलेलं, कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलेली, कामात लक्ष नाही, 'आपण नसतो तर बरं' असे विचार येतात, यातलं काही जुळत असेल तर कॅप्सूल शोधण्यात वेळ घालवू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक 14416. फोन मोफत आहे, सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर एकटं राहू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा आणि जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा.

६. छातीत धडधडतं, हात थरथरतात, सारखी घालमेल होते. टेन्शनच असणार. सुरू करू ना?

'टेन्शनच असणार' हे कुणी ठरवलं? थायरॉईड वाढलेला असला तरी हेच होतं: धडधड, थरथर, घाम, चिडचिड, झोप उडणं, वजन उतरणं. रक्त कमी असलं तरी जिना चढताना धडधडतं. साखर अचानक उतरली तरी घाम फुटून घालमेल होते. बी-12 कमी असलं तर थकवा, हातापायांना मुंग्या आणि मन उदास. शाकाहारी घरांत हे वरचेवर आढळतं.

म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांना भेटा. ते बहुधा हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), साखर, बी-12 इतकंच सांगतील. हा खर्च महिन्याभराच्या चांगल्या कॅप्सूलच्या फार पुढे जात नाही. थायरॉईड वाढलेला असताना अश्वगंधा घेतली तर ती आगीत तेल ओतू शकते, त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे. छातीत दुखणं, दम लागणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ येणं असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि इमर्जन्सीत जा.

७. चूर्ण, कॅप्सूल, अरिष्ट… कुठलं घ्यायचं आणि किती?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सविस्तर.

चूर्ण म्हणजे वाळलेलं मूळ दळलेलं. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधसंहितेत त्याची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम आहे. चहाचा एक सपाट चमचा भरला की साधारण अडीच-तीन ग्रॅम होतं. रंग फिकट बदामी, चव कडवट-तुरट, वास उग्र. दुधात नीट विरघळत नाही. तळाशी गाळ बसतो आणि लोक तो तसाच कपात सोडून देतात, म्हणजे अर्धं औषध बेसिनमध्ये.

अर्क म्हणजे मुळातली द्रव्यं काढून घट्ट केलेली. चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा हाच वापरतात, दिवसाला 240 ते 600 मिलिग्रॅम. त्यामुळे '300 मिलिग्रॅम अर्क' आणि '300 मिलिग्रॅम चूर्ण' या एकाच मापाच्या गोष्टी नव्हेत. डब्यावर समोर मोठ्या अक्षरांत '500' लिहिलेलं असतं. डबा फिरवा आणि मागे बघा, 'रूट एक्स्ट्रॅक्ट' आहे की 'रूट पावडर'. अर्क असेल तर शेजारी विथॅनोलाइडची, म्हणजे मुळातल्या मुख्य औषधी द्रव्यांची, टक्केवारी हवी. 300 मिलिग्रॅम अर्कात 5 टक्के म्हणजे 15 मिलिग्रॅम विथॅनोलाइड. नुसतं 'दहास एक' (दहा भाग मुळातून एक भाग अर्क) असं प्रमाण लिहून टक्केवारी दिली नसेल तर आत काय आहे ते कळायला मार्ग नाही. मी तसा माल सुचवत नाही.

अश्वगंधारिष्ट आंबवून केलेलं असतं. अश्वगंधेखेरीज त्यात बऱ्याच वनस्पती असतात, आणि आंबवताना तयार झालेलं मद्यार्कही असतं, पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. दारू सोडलेल्यांनी, दारू सुटण्याची गोळी घेणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असणाऱ्यांनी ते घेऊ नये. साखरवाल्यांनीही विचारून घ्यावं, कारण त्यात गूळ-मधाचा गोडवा असतो.

डब्यावरचा परवानाही बघा. आयुर्वेदिक औषध म्हणून बनवलेल्या मालावर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो, तर फूड सप्लिमेंट म्हणून विकलेल्यावर एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा अंकी क्रमांक. दोन्ही कायदेशीर आहेत. दोन्ही क्रमांक नसलेला, ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा डबा मात्र परत ठेवा. मुळाच्या चुऱ्यात पानं आणि देठ मिसळणं ही या धंद्यातली जुनी चलाखी आहे.

८. सकाळी की रात्री? दुधातून की पाण्यातून?

झोपेसाठी असेल तर रात्री. दिवसा घेऊन पेंग येत नसेल तर सकाळीही चालेल. उपाशीपोटी काहींना मळमळ होते, पोट ढवळतं किंवा जुलाब होतात, म्हणून जेवणानंतर घेणं बरं. चूर्ण कोमट दुधातून घ्यायची परंपरा आहे. दूध पचत नसेल तर पाण्यातून घ्या, त्यानं काही बिघडत नाही. आयुर्वेदात मध गरम पदार्थात घालत नाहीत, तेव्हा मधाची आवड असेल तर दूध निवू द्या. पहिल्यांदा घेतल्यावर किती गुंगी येते हे कळेपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग टाळा.

९. किती दिवस घ्यायची? कायमची चालू ठेवली तर?

चाचण्या दोन-तीन महिन्यांच्या आहेत, म्हणून माझा हिशेबही तेवढाच. सहा ते आठ आठवडे घ्या, मग थांबून बघा. फरक पडला नसेल तर प्रश्न २१ वाचा. पडला असेल तरी तीन महिन्यांपलीकडे वैद्यांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका. 'वनस्पती आहे, वर्षानुवर्षं घेतली तरी काय होतंय' हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकतो, त्यांनी सहसा यकृताच्या एंझाइमची तपासणी कधी केलेली नसते.

१०. आमच्या दारातच झाड आहे. पानं खाल्ली किंवा काढा केला तर?

नको. पानांत विथाफेरिन-ए नावाचं द्रव्य मुळापेक्षा बरंच जास्त असतं आणि ते पेशींना मारक आहे. आयुष मंत्रालयानं 2021 मध्ये कंपन्यांना पानं वापरू नका, असं पत्र काढलं ते उगाच नाही. वजन उतरवायला रोज इतकी पानं चावून खा, असे व्हिडिओ फिरतात. पाठवणाऱ्या काकांना हे उत्तर पुढे ढकला.

११. यानं लिव्हर खराब होतं असं वाचलं. खरं का?

क्वचित, पण खरं. 2020 मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांचा अहवाल आला. अश्वगंधा सुरू केल्यावर त्यांना कावीळ झाली, अंगाला खाज सुटली आणि बंद केल्यावर काही महिन्यांत ते बरे झाले. 2023 मध्ये आपल्याकडच्या यकृततज्ज्ञांनीही अशी प्रकरणं छापली. त्यातल्या काहींचं यकृत आधीपासूनच जुनाट विकारानं ग्रासलेलं होतं आणि अशांपैकी काही दगावले.

लाखो लोक घेतात त्या मानानं हा आकडा लहान आहे, हे बरोबर. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून हिपॅटायटिस, फॅटी लिव्हरमुळे वाढलेले एंझाइम, सिरॉसिस किंवा रोजची दारू यातलं काही असेल तर घेऊच नका. बाकीच्यांनी लक्षणं ओळखून ठेवावीत: डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, अंगभर खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, अन्नावरची वासना उडणं. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा, एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करा आणि डॉक्टरांना डबा दाखवा. डॉक्टरांनी 'काही औषधं चालू आहेत का' विचारल्यावर लोक आयुर्वेदिक औषध मोजतच नाहीत. ते मोजा.

१२. मला थायरॉईड आहे. थायरोनॉर्म चालू आहे. घेऊ शकते का?

स्वतःच्या मनानं नाही. 2018 मध्ये थायरॉईड किंचित मंदावलेल्या 50 जणांवर चाचणी झाली. आठ आठवडे दिवसाला 600 मिलिग्रॅम अर्क घेतल्यावर त्यांची टी-3 आणि टी-4 ही थायरॉईडची संप्रेरकं वाढली आणि टीएसएच उतरलं, म्हणजे थायरॉईडचं काम वाढलं. ऐकायला छान वाटतं. पण तुम्ही थायरोनॉर्म, म्हणजे थायरॉक्सिनची गोळी, आधीच घेत असाल तर दोन्ही मिळून पारडं दुसऱ्या बाजूला झुकू शकतं. मग धडधड, झोप उडणं आणि चिडचिड सुरू होते, आणि माणूस म्हणतो, 'टेन्शन वाढलं, अश्वगंधेचा डोस वाढवतो.'

थायरॉईड वाढलेला असेल तर अजिबात नको. मंद असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर सुरू केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून घ्या. 'माझी गोळी सुटली, अश्वगंधेनं थायरॉईड बरा झाला' अशा पोस्ट वाचून गोळी बंद करू नका.

१३. मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत. सोबत घेतली तर चालेल का?

कुठली गोळी आहे त्यावर अवलंबून. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम किंवा झोपेची दुसरी गोळी असेल तर गुंगी दुप्पट होऊ शकते. वयस्कर माणसांत त्यातून पडणं, हाड मोडणं होतं. फिटच्या औषधांबाबतही हीच काळजी.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन अशा नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांसोबत अश्वगंधा देऊन इराणमध्ये चिंताविकाराच्या रुग्णांवर एक छोटी चाचणी झाली आणि थोडा जादा फायदा दिसला. पण तिथे डॉक्टरांची नजर होती. तुमच्या डॉक्टरांनाही ते माहीत हवं, नाहीतर फरक गोळीनं पडला की चूर्णानं हे त्यांना कळणार नाही आणि डोस ठरवताना अंदाज चुकेल. बायपोलर (मन टोकाचं चढणं-उतरणं) किंवा सायकोसिसचा (भास-भ्रम होण्याचा) इतिहास असेल तर मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय कुठलंही 'मेंदूचं टॉनिक' सुरू करू नये. लिथियम चालू असेल तर विशेषच.

१४. गोळ्यांची सवय लागते म्हणतात. त्या बंद करून अश्वगंधेवर येऊ का?

पाठवणाऱ्यांची नावं बदलतात, हा प्रश्न बदलत नाही. आणि बहुतेकदा तो रुग्णाचा नसतोच. सासूबाईंचा असतो, नवऱ्याचा असतो, 'किती दिवस गोळ्या खाणार' म्हणणाऱ्या मावशीचा असतो.

उत्तर: नाही. नैराश्याच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, चिडचिड, झोप उडणं असं होऊ शकतं. क्लोनाझेपामसारखी गोळी बऱ्याच दिवसांनी एकदम तोडली तर फिटही येऊ शकते. अश्वगंधा यातलं काही भरून काढत नाही. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या कमी करता येतात, पण ते डॉक्टर आठवड्यांच्या हिशेबानं, टप्प्याटप्प्यानं करतात. गोळ्यांचा त्रास होत असेल तर तसं त्यांना सांगा, ते औषध बदलून देतात. आणि सवय लागण्याबद्दल सांगायचं तर एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, सवय लागू शकते ती दुसरीची. दोघींना एकाच पारड्यात घालून 'गोळ्या' म्हणू नका.

१५. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. आणखी कुणी टाळावी?

अश्वगंधेनं दाब आणि साखर दोन्ही थोडी उतरू शकतात. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगून घ्या आणि पहिले काही आठवडे घरी मोजत राहा.

संधिवात, ल्युपस अशा स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या आजारांत आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असताना टाळा. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तरी टाळा, कारण टेस्टोस्टेरॉन वाढण्याची शक्यता आहे. ऑपरेशन ठरलं असेल तर किमान दोन आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. यकृत आणि थायरॉईडचं वर आलंच आहे (प्रश्न ११, १२).

१६. गरोदरपणात खूप चिंता वाटते. आणि बाळंतिणीला तर लाडवातून आस्कंद देतातच की!

गरोदरपणी नको. गर्भपाताचा धोका असू शकतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींवरच्या टिपणातही ती गरोदरपणी टाळायला सांगितली आहे. बाळ राहावं म्हणून प्रयत्न चालू असतील तरीही थांबवा.

बाळंतपणानंतरचा प्रश्न जरा अवघड आहे. काही घरांत डिंक-आळिवाच्या लाडवात आस्कंद चिमूटभर पडतो, हे खरं. पण ती चिमूट आणि रोजची अर्काची कॅप्सूल यात फरक आहे. अंगावर पाजताना अर्क सुरक्षित आहे असं दाखवणारा अभ्यास नाही, म्हणून मी देत नाही. आणि बाळंतपणानंतर आई सारखी रडते, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, बाळाला काही होईल या भीतीनं रात्रभर जागते, तर तो लाडवाचा विषय राहत नाही. हे उपचारानं बरं होणारं दुखणं आहे. बाळंतपण केलेल्या डॉक्टरांनाच आधी सांगा, दूध पाजताना चालणारी औषधं असतात.

१७. मुलगा दहावीला आहे. परीक्षेच्या टेन्शनसाठी देऊ?

अठराच्या आतल्यांना स्वतःहून देऊ नका. वरच्या चाचण्या प्रौढांवरच्या आहेत. त्याला झोप किती मिळते, क्लास किती आहेत आणि घरात दर जेवणाला टक्क्यांचा विषय निघतो का, हे आधी बघा. वैद्य तपासून देत असतील तर गोष्ट वेगळी.

१८. महिनाभर घेतली. चिंता गेली, पण कशाचंच काही वाटेनासं झालंय. असं होतं का?

असा अनुभव लोक सांगतात: ना आनंद, ना दुःख, सगळं सपाट. चाचण्यांमध्ये हे नीट मोजलेलं नाही, त्यामुळे किती जणांना होतं ते ठरवता येत नाही. पण तुम्हाला जाणवतंय तेवढं पुरेसं आहे. बंद करा आणि दोन-तीन आठवडे बघा. तरीही तसंच वाटत राहिलं तर ते नैराश्य असू शकतं, मग प्रश्न ५ कडे जा.

१९. सोबत ब्राह्मी, जटामांसी, शंखपुष्पीही घेतली तर जास्त फायदा?

जास्त फायद्याचं सांगता येत नाही, पण त्रास झाला तर कशानं झाला ते ओळखता येणार नाही, हे नक्की. जटामांसीही गुंगी आणते. एका वेळी एकच सुरू करा. वैद्यांनी नाडी बघून मिश्रण दिलं असेल तर ते त्यांच्या हिशेबानं घ्या, त्यात बाजारातली कॅप्सूल वर घालू नका.

२०. भाऊ डेन्मार्कला आहे, त्याच्यासाठी दोन डबे पाठवू का?

पाठवू नका. डेन्मार्कनं 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या 2020 च्या अहवालात थायरॉईड आणि प्रजनन-संप्रेरकांवरच्या परिणामांबद्दल चिंता होती, त्याच्या आधारावर. आपल्याकडच्या काहींनी त्या अहवालावर टीका केली, पण कस्टममध्ये ती टीका उपयोगी पडत नाही. जर्मनीत बंदी नसली तरी तिथल्या जोखीम-मूल्यमापन संस्थेनं 2024 मध्ये मुलं, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया आणि यकृतरोगी यांनी घेऊ नये असं म्हटलं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ती दुकानात मिळते, तेव्हा तिथल्या नातेवाइकांसाठी बॅगेत वजन वाढवायची गरज नाही.

२१. आठ आठवडे नियमित घेतली, काहीच फरक नाही. ब्रँड बदलू की डोस वाढवू?

दोन्ही नको. अर्क खात्रीचा होता आणि मात्रा बरोबर होती (प्रश्न ७), तर तुमच्यापुरतं उत्तर मिळालं. डोस वाढवल्यानं पोट बिघडण्याची आणि यकृताला त्रास होण्याचीच शक्यता वाढते.

आता पुढच्या पायरीवर जा. चिंतेसाठी समुपदेशन, विशेषतः विचार आणि वागणूक यांवर काम करणारी थेरपी, हिचा पुरावा कुठल्याही मुळापेक्षा भक्कम आहे. खाजगी मनोविकारतज्ज्ञांची फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे केसपेपर काढा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग चालतो. 'तिथे गेलो तर लोक काय म्हणतील' म्हणून बरेच जण अडतात. ओपीडीत बसलेल्यांपैकी बहुतेक जण तपासून, चिठ्ठी घेऊन घरी जातात. जाताना सध्या चालू असलेली सगळी औषधं, अश्वगंधेचा डबाही, पिशवीत घालून न्या, आणि सकाळी लवकर जा. दहानंतर रांग वाढते.